भुकेचा येगोरी, थंडीचा येगोरी

रशियन चित्रकलेवरच्या एका जाडजूड पुस्तकात एक चित्र आहे. पुस्तक हातात घेतलं की तेच पान आपोआप उघडतं, इतक्या वेळा मी ते पाहिलं आहे. चौदाव्या शतकात नोव्हगोरोदच्या मुलखात लाकडी फळीवर रंगवलेलं हे चित्र. मूळ फळी आता सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. मागे सगळा लालभडक रंग आणि मधोमध पांढऱ्या घोड्यावर संत गिऑर्गी. पण माझी नजर त्याच्यावर फार वेळ ठरत नाही, ती खाली उतरते. तिथे एक राजकन्या चालली आहे आणि तिच्या हातातल्या पट्ट्याला बांधलेला सर्प, ज्याने सगळ्या नगराची झोप उडवली होती तोच तो अजस्र सर्प, मुकाट तिच्या मागून येतो आहे. कथा अशी की तो पट्टा तिच्याच कमरेचा. संताने तिला सांगितलं, पट्टा सोड आणि याच्या गळ्यात बांध. तिने बांधला. भाल्याने सर्प मारल्याची चित्रं पुष्कळ आहेत. कमरेच्या पट्ट्याने त्याला घेऊन जाणारी ही मुलगी मला त्या सगळ्यांपेक्षा जवळची वाटते.

त्या पट्ट्याचा माग काढत मी रशियन शेतकऱ्याच्या वर्षापर्यंत पोचलो. याच संताच्या दिवशी, ऐन वसंतात, खेडोपाडी गोठ्याचं दार पहिल्यांदा उघडायचं. चर्चच्या पोथीत हा गिऑर्गी. खेड्याच्या तोंडी मात्र येगोरी, नाहीतर युरी. दिवस जुन्या कालगणनेप्रमाणे 23 एप्रिल, आजच्या तारखेने 6 मे. घरची बाई पहाटे उठून धुतलेले कपडे घालायची, कमरेचा विणलेला पट्टा सोडायची आणि गोठ्याच्या दारात जमिनीवर आडवा पसरायची. गाय त्यावरून पाय टाकून गेली की मग ती चरायला कितीही लांब जावो, संध्याकाळी घर विसरायची नाही. पट्ट्याशेजारी कुठे अंडं ठेवलेलं, कुठे कुऱ्हाड, कुठे किल्ली फिरवून बंद केलेलं कुलूप. अंडं अशासाठी की जनावर उन्हाळाभर चरून तसंच गोल आणि तुळतुळीत व्हावं. कुऱ्हाडीच्या पात्यावर रोगराई अडावी. आणि कुलूप लांडग्याच्या जबड्यासाठी: जसं हे मिटलं आहे, तसे त्याचे दात मिटलेले राहोत.

मग घरधनी संताची तसबीर घेऊन गुरांभोवती तीन फेऱ्या घालायचा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चुलीत भाजून ठेवलेलं मीठ भाकरीला लावून गाईच्या तोंडात द्यायचं. आणि मग विलोची डहाळी निघायची. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज असतो, त्याच्याच कुळातलं झाड. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये हातात धरायला रशियात झावळ्या कुठून येणार? त्या दिवसांत तिथे जिवंत म्हणावं असं दुसरं काही नसतं; विलोच्या काडीवर तेवढी रुपेरी, लवदार बोंडं धरलेली असतात. तीच डहाळी पाणी शिंपडून, मंत्रून घरी आणायची, देवाच्या कोपऱ्यात तसबिरीमागे खोचून ठेवायची आणि येगोरीच्या सकाळी तिने गाईच्या पाठीवर हलकेच मारत तिला बाहेर काढायचं. मारणं नुसतं नावाला. झाडात जी ताकद सगळ्यांच्या आधी जागी झाली, ती जनावरात उतरावी एवढंच त्या स्पर्शाने मागायचं असे.

पण बाहेर असायचं काय? उत्तरेत व्होलोग्डा, अर्खांगेल्स्ककडच्या गावांत या तारखेला कुंपणाच्या सावलीत बर्फ पडलेला असतो. जमीन काळी, ओली आणि जिथे पाहावं तिथे गेल्या वर्षीचं मेलेलं गवत. काही गावांत तर जनावरं विधीपुरती बाहेर काढायची, शिवारात थोडं फिरवायची आणि पुन्हा गोठ्यात आणून बांधायची. खरं चरणं पुढे दोन-तीन आठवड्यांनी. तरीही दिवस चुकवायचा नाही. पहिल्यांदा वाचताना हा हट्ट मला समजत नव्हता. तो समजण्यासाठी आधीचा हिवाळा बघावा लागतो.

ऑक्टोबरमध्ये बांधलेली गाय सहा-सात महिने अंधाऱ्या गोठ्यात उभी असायची. कोरडं गवत उन्हाळ्याच्या चार-सहा आठवड्यांत जेवढं कापून, वाळवून साठवता येईल तेवढंच, आणि त्याच दिवसांत पिकाचीही कामं अंगावर आलेली. मार्च उजाडेपर्यंत गंजी तळाला जायची. मग पेंढा, मग पेंढ्यात कोमट पाणी आणि मूठभर पीठ, आणि अगदीच वाईट वर्षी घराच्या छपरावरचा जुना, काळवंडलेला पेंढा उपसून तोही गाईपुढे. वसंतात कित्येक गाई इतक्या खंगलेल्या असत की त्यांना आपल्या पायांवर उभं राहता येत नसे. दोघा-तिघांनी शेपटीला आणि पोटाखाली धरून त्यांना उठवावं लागे. शहाण्याचं गवत निकोलापर्यंत पुरतं आणि मूर्खाचं युरीपर्यंत, असं तिकडे म्हणतात. संत निकोलाचा दिवस येतो त्याच जुन्या कालगणनेने (पुढच्या सणांच्या तारखाही तिच्याच) 9 मेला, म्हणजे दोघांत सोळा दिवसांचं अंतर. शहाणपण आणि मूर्खपणा यांच्यामध्ये कोरड्या गवताचे सोळा भारे. हे मोजमाप ज्याने केलं त्याने रात्री उठून गंजीला हात लावून पाहिलेला असणार.

माणसांची स्थिती वेगळी नव्हती. एक दाणा पेरला की तीन, फार तर चार हाती येत, आणि त्यातला एक पुढच्या पेरणीला बाजूला काढायचा. 24 जानेवारी ही संत क्सेनियाची तिथी. खेड्याने तिला अर्ध्या भाकरीची क्सेनिया केलं, कारण त्या दिवशी कोठारात निम्मं धान्य उरलेलं असायला हवं. त्या दिवशी कोणी कोठाराचं दार उघडून नुसतं पाहत उभं राहत असेल, बोटांवर महिने मोजत असेल. येगोरीपर्यंत पोचताना बहुतेक घरांत ते अर्धंही सरत आलेलं असे. म्हणून वसंतातल्या या येगोरीला लोक भुकेचा येगोरी म्हणत. दुसरा एक येगोरी शरदाच्या शेवटी 26 नोव्हेंबरला यायचा, तो थंडीचा येगोरी. वर्षाच्या दोन टोकांना दोन येगोरी, एक पोटाला चिमटा काढणारा आणि एक हाडं गोठवणारा. थंडीच्या येगोरीकडे मला नंतर वळायचं आहे, कारण त्याच्या पोटात वेगळीच गोष्ट आहे.

भुकेच्या येगोरीजवळ किल्ल्या असत. हिवाळाभर कुलूपबंद असलेली ओली धरणीमाय तो उघडतो आणि दव मोकळं सोडतो, अशी समजूत. दारोदार फिरणारे आंधळे गायक शूर येगोरीचं एक लांबलचक कवन गात. त्यात येगोरीचे हात कोपरापर्यंत सोन्याचे आणि पाय गुडघ्यापर्यंत चांदीचे. दुष्ट राजाने त्याला खोल खड्ड्यात लोटलं, वर फळ्या घातल्या, वाळू लोटली. तीस वर्षं तो तिथे होता. मग वारा सुटला, वाळू उडाली, फळ्या सरकल्या आणि तो उजेडात आला. बाहेर येऊन तो करतो काय, तर रशियाची भूमी लावून देतो. एकमेकांत गुंतलेल्या अरण्यांना बाजूला व्हायला सांगतो, डोंगरांना जागा देतो आणि वाटेत आडवे आलेल्या लांडग्यांच्या कळपाला म्हणतो, पांगा, आणि जे तुमच्या नावाने दिलं असेल तेवढंच खा.

इथे हा संत सगळ्यांपेक्षा वेगळा होतो. गाईचा राखणदार तोच आणि लांडग्यांचा धनीही तोच. लांडग्यांना काही भागांत येगोरीचे कुत्रे म्हणायचे. लांडग्याच्या दातांत जे गेलं ते येगोरीनेच त्याला दिलेलं, असा खेड्याचा निवाडा. याची एक गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सांगतात. एक माणूस रानात झाडावर लपून बसला. पाहतो तो पांढऱ्या घोड्यावरून येगोरी आला आणि चहूकडून लांडगे येऊन त्याच्यापुढे बसले. तो एकेकाला वाटा नेमून देऊ लागला. तुला अमक्याची मेंढी, तुला तमक्याचं शिंगरू. सगळे आपापल्या वाटेने गेल्यावर मागून एक लंगडा लांडगा रखडत आला. आता माझ्यासाठी काय उरलं, म्हणाला. येगोरीने मान वर केली. ‘तो झाडावर बसलाय ना, तो तुझा.’

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. अजूनही येतो. यात संत क्रूर नाही आणि दयाळूही नाही. तो सगळ्यांचा हिशेब ठेवतो, लंगड्याचासुद्धा. रानात उशिरा पोचणाऱ्यालाही पोट असतं हे ज्या लोकांनी ओळखलं, त्यांनी स्वतः किती हिवाळे उशिरा पोचून काढले असतील? आपल्याकडे पालघर-नाशिककडचे वारली, कोकणा आणि ठाकर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, शेंदूर लावलेल्या वाघदेवापुढे नारळ फोडतात आणि गुरं सांभाळ म्हणून त्या वाघालाच सांगतात. राखणदार आणि खाणारा वेगळे काढायचे नाहीत, कारण रान एकच आहे. व्होलोग्डाचा गुराखी आणि जव्हारचा गुराखी यांना समोरासमोर बसवलं, तर भाषेवाचून त्यांचं फार अडेल असं मला वाटत नाही.

रशियातल्या गुराख्याविषयी मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. येगोरीला सगळं गाव मिळून त्याला नेमायचं, ते बर्फ पडेपर्यंत. त्याचं जेवण घरटी आळीपाळीने. पहिल्या दिवशी बाया त्याच्यासाठी अंडी, भाकरी, सारण भरलेले पाव घेऊन शिवारात यायच्या आणि तो मोकळ्या रानात जाळ करून सगळ्या गावाची अंडी एका तव्यावर परतायचा. उन्हात झोप लागू नये म्हणून त्याच्या अंगावर पाणी ओतायचं. पण उत्तरेकडच्या जंगलपट्टीत गुराखी म्हणजे नुसता गडी नव्हता. त्याच्याजवळ एक मंत्र असे, बहुधा हाताने उतरवलेल्या कागदावर. तो म्हणत त्याने कळपाभोवती फिरायचं, प्रत्येक गाईच्या अंगावरचे चार केस मेणात मळून ते मेण लपवून ठेवायचं, कागद शिंगाच्या कर्ण्यात किंवा रानात एखाद्या झाडाच्या ढोलीत दडवायचा. हा करार रानातल्या धन्याशी, लेशीशी. काही गुराखी त्याला वर्षाकाठी एखादी गाय कबूल करत, काही फक्त येगोरी आणि इतर संतांची नावं घेत.

करार झाला की गुराख्यावर बंधनं यायची. उन्हाळाभर केस कापायचे नाहीत. रानातल्या बेरी तोडायच्या नाहीत, कारण त्या रानाच्या धन्याच्या. झाडाची फांदी मोडायची नाही, जीव मारायचा नाही, कुणाच्या हातात उघडा हात द्यायचा नाही, बाईजवळ जायचं नाही. मला या यादीसमोर थांबावंसं वाटतं. पाच महिने एक माणूस जंगलात राहतो आणि जंगलातलं काहीही आपलं म्हणून घेत नाही. डोळ्यांपुढे लालचुटूक बेरींचे ताटवे, उत्तरेतला तो न मावळणारा उजेड, आणि हा हात आवरून उभा. त्या बदल्यात गावाच्या चाळीस-पन्नास गाई संध्याकाळी घंटा वाजवत घरी. कळप खरंच मंत्राने सांभाळला जायचा की अशा आवरलेल्या, सावध माणसामुळे, हा प्रश्न विचारता येईल. पण गुराख्याने स्वतः तो कधी सोडवून पाहिला असेल असं वाटत नाही. त्याला दोन्ही लागत होते.

त्या पहाटेचं दव हे औषध होतं. सूर्य उगवायच्या आत गुरं दवावर नेली तर ती धष्टपुष्ट होतात, म्हणून घाई. माणसं तोंड धुवायची, बायका पेरलेल्या शेतावर लोळायच्या. दवासारखं सशक्त हो, असा आशीर्वाद त्या दिवशी द्यायचा. काही भागांत धर्मगुरूला शेतात आणून, प्रार्थना झाल्यावर बायकाच त्याला कोवळ्या पिकावरून गडगडत नेत. पीक तसंच जड, लोळणारं यावं म्हणून. तो बिचारा झगा सावरत नको म्हणाला तर त्याला आमचं चांगलं होऊ द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ व्हायचा. आणि याच दवाची भीतीही होती. चेटकीण पहाटे फडकं ओढत दुसऱ्याच्या कुरणावरून जाते आणि दवाबरोबर त्या घरच्या गाईचं दूध घेऊन जाते. म्हणून त्या दिवशी शेजाऱ्यालाही काही द्यायचं नाही. मीठ नाही, विस्तव नाही, पैसाही नाही. ज्या गावात एकमेकांवाचून पान हलत नसे, तिथे हा एक दिवस प्रत्येक घर मूठ घट्ट मिटून बसे.

पुढच्या पिकाचा अंदाजही त्याच दिवशी घ्यायचा. बर्चच्या पानाकडे पाहायचं. पान पाव कोपेकच्या नाण्याएवढं झालं असेल तर जुलैच्या 20 तारखेला, इल्याच्या दिवशी, नवं धान्य कणगीत पडेल. सकाळी हिंव पडलं तर ओट आणि बाजरीसारखी भरड धान्यं साधतील. पाऊस झाला तर गुरांना चांगलं, पण कुट्टूचं पीक हातचं जाईल. यातलं किती खरं ठरायचं कोण जाणे. पण पाव कोपेकचं नाणं ज्याच्या बोटांना पाठ आहे, त्या माणसाने पान दोन बोटांत धरून ते मापलं हे माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. गरिबाजवळ मापायला तेवढंच होतं.

खेड्याने चर्चच्या सगळ्याच संतांना असं कामाला लावलं होतं. मावराच्या दिवशी खाजणाऱ्या रानपाल्याची आणि आंबट चुक्याची हिरवी आमटी होते म्हणून ती हिरव्या आमटीची मावरा. येरेमेई औत जुंपणारा. जूनमधली अकुलिना, जिच्या दिवसांत गोमाश्या चावून गाई शेपट्या वर करून उधळतात, तिच्या नावाला ती उधळलेली शेपटीच चिकटली. सप्टेंबरच्या 1 तारखेला, सेम्योनच्या दिवशी, मुली सलगमाच्या किंवा गाजराच्या छोट्या पेटीत माश्या घालून त्यांची अंत्ययात्रा काढत, रडण्याचं सोंग करत, म्हणजे घरातल्या माश्या जातात. आणि निकोला तर घरातलाच. एक गोष्ट सांगतात की शेतकऱ्याची गाडी चिखलात रुतली तेव्हा संत कास्यान आपला स्वच्छ अंगरखा जपत पुढे गेला आणि निकोला चिखलात उतरून खांदा लावू लागला. स्वर्गात दोघं पोचले, एकाचा झगा पांढराशुभ्र आणि दुसऱ्याचा चिखलाने माखलेला. देवाने निकोलाला वर्षात दोन सण दिले आणि कास्यानला चार वर्षांतून एकच, 29 फेब्रुवारीला.

हे सगळं आज आपल्याला वाचता येतं याचं श्रेय फार शांतपणे काम करून गेलेल्या लोकांना आहे. डॉक्टर व्लादिमीर दाल याने आयुष्यभर म्हणी टिपल्या आणि 1861-62 मध्ये त्यांचा संग्रह छापला. त्यात दिवसवार शेतीच्या म्हणी आहेत. शतकाच्या अगदी शेवटी प्रिन्स व्याचेस्लाव तेनिशेव याने मध्य रशियाच्या प्रांताप्रांतांत प्रश्नावली पाठवल्या आणि गावोगावच्या शिक्षकांनी, धर्मगुरूंनी, लिहितावाचता येणाऱ्या शेतकऱ्यांनी उत्तरं पाठवली. ती बाडं अजून सेंट पीटर्सबर्गमध्ये जपलेली आहेत. व्लादिमीर प्रोप याने 1963 मध्ये रशियन कृषिसणांवर पुस्तक लिहिलं आणि वर्षभराच्या सणांत तेच तेच घटक कसे फिरून येतात ते उलगडून दाखवलं. मूळ ख्रिस्ती किती आणि त्याआधीचं किती, हा वाद विद्वानांनी पुष्कळ केला. मला तो फारसा ओढत नाही. गोठ्याच्या दारात वाकलेल्या बाईला तो पडलेला नव्हता, आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे आहे.

आता थंडीचा येगोरी. कीव्हच्या राजा यारोस्लावचं बाप्तिस्म्याचं नाव गिऑर्गी. त्याने अकराव्या शतकात या संताचं चर्च बांधलं आणि त्याच्या अर्पणाचा दिवस म्हणून 26 नोव्हेंबर पाळला जाऊ लागला. त्या सुमाराला मळणी झालेली असते, धान्य कोठारात असतं, देणीघेणी मिटवता येतात आणि बर्फ बसल्यामुळे घसरगाड्यांना रस्ता होतो. म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर कसणारा शेतकरी या दिवसांत धनी बदलायचा. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानच्या 1497 च्या कायद्याने याला चौकट घातली: युरीच्या दिवसाआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा. जाताना घराचं भाडं म्हणून मोकळ्या मैदानी मुलखात एक रूबल, जंगलाच्या मुलखात अर्धा. एकच वर्ष राहिला असेल तर त्याचा चौथा हिस्सा. वर्षातले पंधरा दिवस दार किलकिलं राही. भाडं मोजावं, घसरगाडीवर बायको, पोरं, एखादी कोंबडी आणि देवाची तसबीर ठेवावी, आणि निघावं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी ते दारही बंद झालं. युद्धांनी आणि करांनी उजाड झालेल्या मुलखात जमीनदारांना माणसं हवी होती, म्हणून आधी काही वर्षांपुरती आणि मग वर्षानुवर्षं जाण्याला बंदी आली. 24 नोव्हेंबर 1597 ला हुकूम निघाला की पळालेल्या शेतकऱ्याला पाच वर्षांपर्यंत शोधून परत आणावं. युरीच्या दिवसाला तेव्हा दोनच दिवस उरले होते. 1601 मध्ये उन्हाळ्यात हिंव पडून पिकं गेली आणि तीन वर्षांचा भयंकर दुष्काळ सुरू झाला. आदल्या वर्षी पेरूमध्ये झालेल्या ज्वालामुखीच्या स्फोटाशी त्या थंडीचा संबंध अभ्यासक जोडतात. त्या दुष्काळात झार बोरिस गोदुनोवने दोनदा, 1601 आणि 1602 मध्ये, काही शेतकऱ्यांसाठी युरीचा दिवस परत दिला. मग तोही गेला. 1649 च्या संहितेने शोधाची मुदतच काढून टाकली. पळालेला माणूस किंवा त्याची पोरं कधीही परत आणता येतील. आशा ऐनवेळी हातातून निसटली की रशियन माणूस अजूनही आजीला उद्देशून म्हणतो, घे, हा तुझा युरीचा दिवस.

या ठिकाणी मी नेहमी अडकतो. ज्या संताच्या नावाने वसंतात कुलूप निघायचं त्याच्याच नावाचं शरदातलं दार राज्याने चिणून टाकलं. आणि जी माणसं जमिनीला जखडली गेली तीच दर येगोरीला आपली गाय कशी सोडत होती, तर दावं न लावता, एक पट्टा जमिनीवर नुसता आडवा ठेवून. जा, आणि परत ये. जनावराला विश्वासाने पाठवायचं आणि संध्याकाळी फाटकात उभं राहून वाट पाहायची. राज्याला हे जमलं नाही. 1861 मध्ये भूदासपण संपलं तेव्हाही शेतकऱ्याने जमिनीचे हप्ते पुढे चाळीसहून अधिक वर्षं फेडले.

1918 मध्ये कालगणना बदलली. 31 जानेवारीनंतर एकदम 14 फेब्रुवारी आली आणि येगोरी 6 मेला जाऊन बसला. बर्चच्या पानाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे चर्च बंद झाली, गाई सामुदायिक शेतांच्या गोठ्यांत गेल्या. मग 1935 च्या नियमावलीने बहुतेक शेतीच्या भागांत घरटी एक गाय ठेवायला परवानगी दिली आणि त्या एका गाईसाठी पुन्हा विलोची डहाळी तसबिरीमागे जाऊन बसली. 1932 च्या शेवटी देशात अंतर्गत पासपोर्ट आले. सामुदायिक शेतावरच्या बहुतेक शेतकऱ्यांना ते मिळाले नाहीत, आणि त्याशिवाय शहरात जाऊन राहता येत नसे. ते सर्वांना द्यायचा निर्णय 1974 मध्ये झाला. मधल्या चार दशकांत युरीचे पंधरा दिवसही नव्हते.

पण त्याच दशकांत अर्खांगेल्स्क आणि व्होलोग्डाच्या जंगलांत, सामुदायिक शेताचा पगारी गुराखी येगोरीच्या सुमाराला तो जुना मंत्र म्हणत कळपाभोवती फिरत होता. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही असे गुराखी भेटले. मंत्र दाखवायला ते सहसा तयार नसत. दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेला की त्याचं बळ जातं. मी त्या माणसाचा पुष्कळदा विचार करतो. गावाबाहेर राहायला जाण्याचा कागद त्याच्याजवळ नाही. गाईंना रानात सोडण्याचा आणि परत आणण्याचा कागद आहे, आणि त्यावर सही कुठल्याच कचेरीची नाही. केस वाढलेले, बेरीच्या झुडपांतून हात आवरून चालणारा, संध्याकाळी एकेक घंटा ओळखून मोजणारा. पुढे पासपोर्ट आले आणि गावंच्या गावं शहरांकडे निघून गेली; उत्तरेत आज कित्येक खेड्यांत गाय नाही, गुराखी नाही, लांडगे मात्र आहेत. या निघून जाण्यात त्याचा मुलगाही असेल का, त्याने जाताना बापाकडे तो कागद मागितला असेल का, आणि बापाने तो दिला असेल की आणखी एक उन्हाळा थांब म्हणाला असेल?